बाचं पागोटं कोण उतरवणार

परवा संध्याकाळी आमच्या ओटीवर नातवाची, अनंताची, फौज जमली होती. शाळेच्या फुटबॉलच्या टीममधली पोरं. ओळीने चार सामने हरून आलेली, आणि तोंडी एकच विषय: शिकवणाऱ्या सरांना काढायचं की नाही, आणि काढायचं तर कसं. एक म्हणाला, अर्ज लिहू. दुसरा म्हणाला, त्यावर पहिली सही कोण करणार? मग जो तो आपल्या बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधू लागला. मी आत आरामखुर्चीत डोळे मिटून पडलो होतो. म्हातारा झोपलाय असं समजून लोक मोकळेपणाने बोलतात, या वयाचा तेवढा एक फायदा आहे. शेवटी कुणीतरी "सर तसे चांगले आहेत रे" असं पुटपुटलं आणि सगळे मुकाट आपापल्या घरी गेले. मला आधी हसू आलं, आणि मग असाच एक जुना पेच आठवला. मी सोळा वर्षांचा असताना तो माझ्यावर पडला होता. आज त्याचीच गोष्ट लिहितो. सून म्हणते, रेल्वे पहिल्यांदा आली तेव्हाचं काहीतरी लिहा. रेल्वे माझ्या जन्माआधीच आली होती, बाई. मी काय लिहू?

आमचं घर ठाणं आणि कल्याण यांच्या मधे, खाडीच्या काठाला. पावसाळ्यात भात आणि बाकीचे दिवस मिठागर, असा गावाचा धंदा. घर म्हणजे दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, मागे चिंच. सकाळी डोळे उघडायचे ते आयच्या मुसळाच्या आवाजाने. ती कांडायला बसली की भिंतीवरच्या फळीतली भांडी बारीक वाजत राहायची. दुपारी पुलावरून कल्याणकडे जाणारी गाडी खडखडली की मिठागरातली माणसं भाकरी सोडायची. तांदळाची भाकर, सुक्या जवळ्याची चटणी, खाडीच्या चिखलात निवटे मासे मिळाले तर चिंच घालून त्यांचं आंबट. आयच्या हातचं ते आंबट पुन्हा मला कुठे मिळालं नाही, आणि मी ते बऱ्याच ठिकाणी शोधलं आहे. आयचं माहेर आंबिवलीकडचं, त्यामुळे आमच्या गावाच्या स्वयंपाकाला ती जन्मभर नावं ठेवत आली आणि जन्मभर सगळ्या गावात चांगला स्वयंपाक तीच करत आली.

माझा बा जोमा, पण त्याला नावाने हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे वस्ताद म्हणायचे. तो आमच्या गावाच्या आट्यापाट्यांचा वस्ताद. हा खेळ हल्लीच्या पोरांना सांगून कळत नाही, तरी सांगतो. जमिनीवर राखेने नऊ आडव्या रेघा ओढायच्या, त्या पाट्या. एका बाजूचे नऊ गडी एकेका पाटीवर उभे राहणार. दुसऱ्या बाजूच्यांनी त्यांना हुलकावणी देत, अंगाला हात लागू न देता, सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि तसंच परत यायचं. पाटी राखणाऱ्याने आपली रेघ सोडायची नाही. झालं, एवढाच खेळ. पण या एवढ्याशा खेळासाठी आमचं गाव आणि खाडीपल्याडचं गाव वर्षभर एकमेकांशी सोयरीक करताना तोंड वाकडं करायची. बा शिकवायचा तो बांधावर उभा राहून. ओरडायचा नाही. एक टाळी वाजली की डावीकडे, दोन वाजल्या की उजवीकडे, आणि बा गप्प उभा राहिला की समजायचं आपलं काहीतरी चुकलंय.

आता पागोट्याचं सांगतो, कारण सगळी भानगड त्यातच आहे. भात झोडून झालं की एका सकाळी गावचे हाशा पाटील, खेळणारे नऊ गडी आणि मागे पोरंसोरं आमच्या अंगणात यायची. पाटलांच्या हातात नवं तांबडं पागोटं. ते म्हणायचे, "वस्ताद, डोकं द्या. यंदा पन पागोटं तुमचंच." बा पाटावर बसून डोकं वाकवायचा, पाटील वेढे घालायचे, आय ओवाळायची, गूळ वाटला जायचा. पागोटं गावदेवीचं, म्हणून ते आलं तर नाही म्हणायचं नाही. आणि गावानेही ते चुकवायचं नाही. बाच्या खूप आधी एकदाच एका वस्तादाला पागोटं गेलं नव्हतं. त्याने पल्याडच्यांशी आतून बोलणं करून सामना सोडला होता म्हणे. तेव्हापासून, ज्याला पागोटं आलं नाही त्याने गाव विकलं, असा अर्थ ठरून गेला होता. म्हणजे वस्ताद बदलायला एकच वाट उरली, ती म्हणजे वस्तादाने मरायचं. आणि बा तर पंचेचाळिशीचा, धडधाकट, एका खांद्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून पळत जाणारा.

पागोटं बांधलं की बा दोन दिवस जेवत नसे. नुसतं पाणी प्यायचा आणि चिंचेखाली बसून राहायचा. वस्तादाचा हा नेम आहे असं गावात सगळे मानायचे. पुढे पुढे आमच्या संघातल्या पोशाला वाटलं की वस्ताद उपास करतो तर आपणही करावा. त्याचं बघून दुसऱ्याने केला, मग तिसऱ्याने, आणि एक वर्ष असं आलं की नऊच्या नऊ गडी दोन दिवस उपाशी राहून तिसऱ्या दिवशी सामन्याला पाट्यांवर उभे राहिले. दुपारपर्यंत दोघांना घेरी आली. पल्याडच्यांनी आम्हाला मनसोक्त हाणलं. तरी पुढच्या वर्षी उपास सुटला नाही. उलट कुणीतरी गूळही खाल्ला होता, म्हणून हरलो, असा निष्कर्ष निघाला.

तीन वर्षं आम्ही ओळीने हरलो. आणि ते का, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. शेवटच्या पाटीवर मी होतो. मी वस्तादाचा पोरगा म्हणून तेराव्या वर्षी मला संघात घेतलं, आणि घेतलं ते कायमचं. माझे पाय कधीच चपळ नव्हते. समोरचा गडी डावीकडे झुकला की मी विचार करायचो, हा खरंच डावीकडे जाईल का? माझा विचार पुरा होईपर्यंत तो उजवीकडून घरी जाऊन पाणी पिऊन यायचा. माझ्या पाटीला गावात वेस म्हणायचे, कारण ती सदा उघडी. तोंडावर मात्र कुणी कधी एक शब्द काढला नाही. मला खेळायचं नव्हतंच. मला कल्याणला मामाकडे राहून शाळेत पुढे शिकायचं होतं. गावच्या पंतोजींनी तसं बाला सांगूनही पाहिलं होतं. पण वस्तादाच्या पोराने खेळ सोडला तर लोक काय म्हणतील, म्हणून मी गप्प. आपल्या पोराला काढलं तर पोराला काय वाटेल, म्हणून बा गप्प. आणि वस्तादाला काय वाटेल म्हणून गाव गप्प. असा सगळा शहाण्या माणसांचा कारभार चालला होता.

तिसऱ्यांदा हरल्यावर पुढच्या सालची भाताची कापणी संपत आली, तेव्हा एका संध्याकाळी गडी आणि हाशा पाटील बांधावर जमले. मलाही बोलावलं. आमच्यात गोमा नावाचा एक तिशीचा माणूस होता, पूर्वी मधल्या पाटीवर खेळायचा, गुडघा दुखावल्यावर खेळणं सोडलेलं. त्याला खेळ बाइतकाच कळायचा, आणि तो आल्यागेल्याला दोन शिव्या हासडू शकायचा, जे बाला कधी जमलं नाही. सगळ्यांच्या मनात गोमाच होता. पण गोमाच आधी म्हणाला, "मना पागोटं नको. वस्ताद हाय तंवर मी डोकं वाकवनार नाय."

"मंग काय दर वरसाला मार खायाचा?" पोशा म्हणाला.

"वस्तादांचं वय झालंय," आणखी एक जण म्हणाला आणि स्वतःच्या पायाकडे बघू लागला. बाकीचेही आपापल्या पायांकडे बघू लागले. माझ्याकडे कुणी बघेना. तेव्हा मला कळलं की इथे बाचं वय वगैरे काही नाही, इथे माझे पाय आहेत. बा गेला की मी जाणार, आणि मला काढायचं तर बाला काढावं लागणार, असा तो पेच. मग बेत निघाले. एक म्हणाला, बाला 'थोरले वस्ताद' करावं, त्यांना मोठं पागोटं बांधावं आणि गोमाला लहान. हाशा पाटलांना हा बेत फार पसंत पडला, कारण त्यात कुणालाच काही बोलावं लागत नव्हतं. पण थोरल्या वस्तादाने करायचं काय, हे वस्तादाला आधी कोण सांगणार? मग सगळे माझ्याकडे बघू लागले. पोशा म्हणाला, "कान्हा, तू घरचा हायेस. तूच सांग."

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. सकाळी ठरवायचो, दुपारी सांगू. दुपारी बाबरोबर बांध लिंपायला जायचो. तो चिखल थापताना मला पाट्यांचंच शिकवत असायचा, "पाय नको बगू, कंबर बग, कंबर खोटं बोलत नाय." असं सांगणाऱ्या माणसाला मी कसं सांगू, की तुमचं शिकवणं कुणाला नको झालंय? आणि तेही ज्याच्यामुळे नको झालंय त्यानेच? एकदा मी तोंड उघडलं, तर त्याने प्रेमाने विचारलं, "काय रं पोरा?" मी म्हटलं, "काय नाय, तहान लागली." असं आठ दिवसांत मी इतकं पाणी प्यायलो की आयच्या लक्षात आलं. ती कांडत होती. मुसळ न थांबवता म्हणाली, "भाकर उतरत नाय घशाखाली, काय झालंय तुला?" मी सगळं भडाभडा ओकलो. आयला सांगताना रडलो, हेही लिहून टाकतो, आता लाज कसली.

आयने मुसळ थांबवलं. "पागोट्याच्या दिसापासना तुजा बा दोन दिस का जेवत नाय, कवा इचारलंस?"

"तो नेम हाय ना."

"कोन बोलला नेम हाय?" एवढं म्हणून ती पुन्हा कांडायला लागली. मला काही कळलं नाही. माणूस सोळा वर्षांचा असला की घरातल्या माणसांचं बोलणं त्याला सगळ्यात शेवटी कळतं.

ती सकाळ आलीच. अंगण सारवलेलं, पाट मांडलेला, आयच्या हातात तबक. बा धुतलेला सदरा घालून पाटावर बसला. पाटील आले, त्यांच्यामागे गोमा खाली मान घालून, मग गडी. पाटलांच्या एका हातात मोठं पागोटं आणि काखेत लहान. मी काही सांगितलंच नाही हे माझ्या तोंडावरून सगळ्यांना कळलं असावं, कारण पोशाने कपाळाला हात लावला. पाटलांनी घसा साफ केला. त्यांनी 'थोरले वस्ताद' हे शब्द आठ दिवस पाठ केले होते, पुढे त्यांनीच मला सांगितलं. पण समोर पाट, पाटावर बा, हातात पागोटं. माणसाच्या जिभेला जे वीस वर्षांचं वळण, ते कुठे जाणार? पाटील म्हणाले, "वस्ताद, डोकं द्या. यंदा पन पागोटं तुमचंच."

बाने सवयीने डोकं वाकवलं आणि पाटलांचे हात सवयीने चालू लागले. एक वेढा झाला. पाटलांचा चेहरा रडवेला, पण हात थांबेनात. दुसरा वेढा झाला. आणि त्या वेळी मी बाचा चेहरा पाहिला. दर वर्षी मी मागे, गड्यांच्या रांगेत असायचो, त्या वर्षी कसा कोण जाणे समोर होतो. वाकलेल्या डोक्याखालचा तो चेहरा मी याआधी कधी पाहिला नव्हता. डोळे घट्ट मिटलेले, ओठ आवळलेले, ताप भरलेल्या माणसाला काढा पाजताना असतो तसा. आयचं बोलणं मला तेव्हा, त्या क्षणी कळलं. मी पुढे झालो आणि पाटलांचा हात धरला.

"बा," मी म्हणालो, "यंदा नको घेव."

पाटील तसेच उभे, पागोट्याचं टोक हातात. आयच्या तबकातली वात फडफडत होती. बाने डोकं वर केलं आणि माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, आता कानाखाली बसणार. मग तो पाटावरून मागे सरकला, भिंतीला टेकला आणि त्याने श्वास सोडला. इतका मोठा श्वास मी कुणाला सोडताना ऐकलेला नाही.

"तीन वरसं," बा म्हणाला, "तीन वरसं वाट बगतंय मी, कोन तरी नको बोलल म्हनून."

"आवो, मंग तुमीच का नाय बोललात?" पाटील जवळजवळ ओरडलेच.

"देवीच्या पागोट्याला नाय कसा बोलू? आनि तुमी एवढ्या प्रेमाने आनता. तुमाला काय वाटंल?" बा कपाळ पुसत म्हणाला. "पागोटं बांधला का पोटात गोला येतो. दोन दिस जेवन जात नाय."

पोशा पुढे आला. "म्हंजे तो नेम नवता?"

"कसला नेम?"

पोशाने तीन वर्षं उपास केला होता. तो अंगणात मटकन खाली बसला. मग आय हसली, तोंडावर पदर घेऊन, पण खांदे गदगदत होते. मग गोमा, मग पाटील, मग सगळेच. बाही हसला. डोक्यावर दोन वेढ्यांचं अर्धवट पागोटं, त्याचं टोक पाटलांच्या हातात, आणि हा माणूस डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतोय. त्याला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून खाडीत टाकला असं वाटलं.

हसणं ओसरल्यावर बाने दोन्ही वेढे आपल्या हाताने सोडले. गोमाला म्हणाला, "बस पाटावर. डोकं दे." गोमा नको नको म्हणत होता, तर बा म्हणाला, "आता तू पन तीन वरसं लावतंस का काय?" गोमा गुपचूप बसला. बाने त्याला पहिला वेढा घातला, दुसरा घातला, आणि तिथे हात थांबवला.

"शेवटचा वेढा पडस्तोवर वस्ताद मीच हाय," तो म्हणाला. "म्हनून एक काम मीच करतंय. शेवटच्या पाटीवरना कान्हाला काढला. तितं त्या मागच्या चपळ पोराला, बामाला उभा करा." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मना पयल्या वरसापासना समजतंय. बाप म्हनून हात धजला नाय."

नऊ गड्यांनी, म्हणजे मला धरून नऊ, एकाच वेळी श्वास सोडला. खरं सांगतो, मलाही हायसं वाटलं. मी सुटलो होतो, कल्याणची शाळा मला अंगणातूनच दिसायला लागली होती. आणि त्याच वेळी डोळे भरून आले, ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी गूळ वाटायला घेतला. बाने शेवटचा वेढा घातला. त्या दुपारी त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या आणि आयला म्हणाला, आंबटात आज मीठ बरोबर पडलंय. आय म्हणाली, ते वीस वर्षं बरोबरच पडतंय.

ही गोष्ट अनंताला सांगावी असं परवापासून मनात आहे. पण तो म्हणेल, आजोबा, आमच्याकडे कुठे पागोटं? नसेल. पण त्यांच्या सरांनी हल्ली जेवण तरी केलंय का, हे एकाने जाऊन विचारायला काय हरकत आहे?

त्या वर्षी आम्ही पल्याडच्यांना हरवलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. बरोबरी झाली. पण शेवटच्या पाटीवर बामाने दोन गडी असे धरले की खाडीवरचे बगळे उडाले. गोमा बांधावरून घसा फाटेस्तोवर शिव्या देत होता. बा आणि मी, दोघे बघ्यांमधे बसलो होतो, मधे उकडलेल्या वालाचं पातेलं. बा कधी टाळी वाजवायला हात उचलायचा, मग आठवण होऊन तोच हात पातेल्यात घालायचा. पातेलं त्यानेच संपवलं.

परत येताना आम्ही बांधावरून एकामागे एक चाललो होतो. तो पुढे, मी मागे. चार दिवसांनी मी मामाकडे जाणार होतो. मग तो मागे न वळता म्हणाला, "तुला पाटीवरना काढला, वाईट वाटला?"

"नाय," मी म्हणालो.

"खरा सांग."

"थोडासा."

तो थांबला, मला जवळ येऊ दिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मना पन," बा म्हणाला. "थोडासा."